वरचे चार घोट

ठमीला ठसका लागतो तो माझ्याच हातून दूध पिताना, हे वहीतून दिसायला लागलं तेव्हा मी आधी वहीवरच संशय घेतला.

वही मीच घातलेली. चार रकाने आखलेले: वेळ, कोणी पाजलं, दूध किती घट्ट होतं आणि ठसका. रविवारी दुपारी ठमी झोपल्यावर मी तेवीस दिवसांची बेरीज केली. दुपारचं दूध सासूबाई पाजतात, त्यांच्या नावावर दोन ठसके. संध्याकाळचं मी पाजते, माझ्या नावावर एकोणीस. बेरीज पुन्हा केली, खालून वर केली. एकोणीसच.

ठमी आमची चौदा महिन्यांची. कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण जन्मल्याजन्मल्या तिने असं काही रोखून बघितलं की नवरा म्हणाला, ही ठमी आहे, आपली परीक्षा घ्यायला आली आहे. तिला पातळ काही नीट गिळता येत नाही. घोट जायचा अन्ननळीत, तो कधीकधी श्वासनळीकडे वळतो. त्यापायी दोनदा न्यूमोनिया होऊन गेला. दवाखान्यात गिळायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी दुधात घालायला एक पांढरी पूड दिली. त्या म्हणाल्या होत्या, पातळ दूध तुमच्या मुलीपेक्षा चपळ आहे, तेव्हा आपण दुधालाच जरा आळशी करू. मला ते फार आवडलं होतं. पण गेल्या भेटीत त्यांनी हेही सांगितलं की येत्या गुरुवारपर्यंत ठसके कमी झाले नाहीत, तर महिनाभर नाकातून नळी घालून दूध द्यावं लागेल. हे त्या इतक्या हळू आवाजात म्हणाल्या की मी पुन्हा विचारलं, आणि मग दोनदा ऐकावं लागलं.

म्हणजे गुरुवारला चार दिवस उरले होते आणि वही म्हणत होती की दोष माझ्या हातात आहे.

मी काही अडाणी नाही. बाटल्यांवर लेबलं चिकटवायचा गोंद बनतो त्या कारखान्यात तपासणीचं काम करते. गोंद किती घट्ट, हे ठरवणं हीच माझी नोकरी. तळाला भोक असलेल्या कपात गोंद भरायचा, भोकावरचं बोट काढायचं आणि कप रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. तेही गोंद आधी पंचवीस अंशांवर आणून, कारण तोच गोंद गरम असला की धावतो आणि थंड असला की रेंगाळतो. त्यामुळे दवाखान्यातल्या बाईंनी दुधाची चाचणी शिकवली तेव्हा मला माहेरच्या भाषेत कोणी बोलल्यासारखं वाटलं. बिनसुईच्या सिरिंजचं खालचं तोंड बोटाने दाबून दहाच्या खुणेपर्यंत दूध भरायचं, बोट काढायचं, दहा सेकंदांनी पुन्हा बोट लावायचं. चार ते आठच्या मध्ये दूध उरलं तर बरोबर.

आता गंमत बघा. माझं दूध रोज पास होत होतं. सात उरायचं, कधी साडेसात. सासूबाईंचं भरायचं साडेपाच. म्हणजे माझं दूध त्यांच्यापेक्षा घट्ट. घट्ट दुधाने ठसका थांबायला हवा, आणि इथे घट्ट दुधानेच लागत होता.

फुल्या रोज दिसत होत्याच, त्यामुळे या बेरजेआधीही डोक्यात काय काय येऊन गेलं होतं. संध्याकाळपर्यंत ठमी दमत असेल. दात येत असतील. माझ्या मांडीवर तिची मान वाकडी होत असेल. म्हणून दोन उशा लावून बघितल्या. सासूबाईंचं म्हणणं होतं, "तुझ्या अंगाला गोंदाचा वास येतो, पोरीला ठसका लागेल नाहीतर काय." ते मनाला लागलं, तरी मी कामावरून आल्यावर डोक्यावरून अंघोळ करून मग पाजायला लागले. ठसका लागायचा तो लागलाच. आणि लागायचा तो नेहमी सुरुवातीला, पहिल्या चार घोटांत. डोळे पाण्याने भरायचे, चेहरा लाल व्हायचा, मग ती सावरायची आणि उरलेलं सगळं दूध निमूट प्यायची. त्या चार घोटांत ती माझ्याकडे ज्या नजरेने बघायची ना, त्यावरून मला वाटायला लागलं की हिला मीच नकोय. दिवसभर नसते, संध्याकाळी येऊन तोंडाला कप लावते, कोण ही बाई.

हे नवऱ्याला सांगितलं तर तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, प्रत्येक गोष्टीत त्याला लिफ्ट दिसते. म्हणाला, लिफ्ट मधेच अडकली की लोक बटणावर राग काढतात, बटणाचा काही दोष नसतो. मी विचारलं, इथे बटण कोण? त्यावर तो भांडी घासायला उठून गेला.

एक शंका मात्र मी कोणाला बोलले नाही. ती अशी की सासूबाई खरं लिहीत नसतील. दुपारी ठसका लागतही असेल. पण सून वही तपासणार, नसता ताप कशाला, म्हणून फुली मारायची राहत असेल. मागच्या आठवड्यात एका दुपारी मी डोकं दुखतंय म्हणून अर्धी सुटी टाकली, चपला दाराबाहेर काढल्या, कुलूप आवाज न करता उघडलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून बघत राहिले. सासूबाईंनी कप ओट्यावर ठेवला होता. रेडिओ लावलेला. एका हाताने ठमीला थोपटत होत्या, दुसऱ्याने पाजत होत्या. एक घोट, मग रेडिओवरच्या बाईला काहीतरी उत्तर, मग दुसरा घोट. सगळं दूध संपलं. ठसका नाही. मी तशीच मागच्या मागे बाहेर गेले आणि कोपऱ्यावर अर्धा तास उगाच फिरून मग घरी आले. तेव्हा सुटकेऐवजी मला वाईट वाटलं होतं, हे लिहायलाही लाज वाटते.

सोमवारी कामावर माझं लक्षच नव्हतं. टाकीवाले काका दुपारी नमुन्याच्या बाटल्या घेऊन आले. काका तीस वर्षं त्या टाक्यांवर आहेत, शिक्षण सातवी, आणि आम्हा तपासणीवाल्यांना ते प्रेमाने 'कपवाले' म्हणतात. त्यांनी एकाच टाकीच्या तीन बाटल्या ठेवल्या. मी म्हटलं, काका, एक पुरे की.

"थंडी आहे, ताई," ते म्हणाले. "पहाटे जुना गोंद टाकीत आटून, गारठून बसलेला, त्यावर पोरांनी नवा पातळ गरम ओतला. टाकीतला ढवळायचा पंखा फिरतोय म्हणून त्यांना वाटतं मिसळलं. म्हणून वरून एक, मधून एक, खालून एक."

मी कपात लावून बघितलं. पंचवीस अंशांवर आणूनही वरचा गोंद एकवीस सेकंदांत गळून गेला आणि खालच्याला चव्वेचाळीस लागले. टाकी एकच, कागदावर सरासरी अगदी हवी तेवढी. मी स्वतः नमुना घ्यायला जाते तेव्हा कुठून घेते, असं मनाशी विचारलं. तळाच्या नळातून. तिथे फेस नसतो. फेसाचे बुडबुडे भोकात अडकले की मोजणी चुकते, म्हणून कॉलेजपासून हाताला लागलेली सवय.

काकांना मी विचारलं की पंखा एवढा फिरतो, मग का मिसळत नाही.

"गरम हलकं आणि पातळ, ते वर बसतं. थंड जड आणि घट्ट, ते खाली लोळत पडतं. पंख्याने ढवळलं तरी पातळ आपलं वरच्यावर फिरतं, घट्टाला हलायचा कंटाळा. एका घरातल्या दोन जावा, दुसरं काय. एकत्र राहतात, पण एकमेकींशी बोलत नाहीत. दोघींना एकसारखं ऊन लागू द्या, मग बघा कशा लगेच मिसळतात."

मी हसले. मग माझं हसू थांबलं, आणि काकांनी विचारलं, बरं आहे ना?

बरं नव्हतं. कारण मला घरी फ्रिजमध्ये ठेवलेला दुधाचा जग आठवला होता.

ती पूड गरम दुधात टाकली की गुठळ्या होतात. वरचे कण लगेच फुगतात आणि आतल्या कोरड्या पुडीभोवती कवच धरतात, मग कितीही चेपा, फुटत नाही. म्हणून मी सकाळी कामावर जायच्या आधी थंड दुधात पूड घालून दिवसभराचं एकदाच करून फ्रिजमध्ये ठेवत होते. आमच्याकडचा झाकणाचा जग लहान. त्यात मावावं म्हणून मी पूड दुप्पट घालायची. पाजताना अर्धं जगातलं आणि अर्धं साधं दूध. हिशोब अगदी चोख होता, पूड शेवटी सांगितली तेवढीच पडणार. दवाखान्यातल्या बाईंना मी हे सांगितलं नव्हतं. लपवलं असं नाही, ती मला फक्त बेरीज वाटत होती.

सासूबाई दोन्ही दुधं फ्रिजमधूनच घेतात, सावकाश एकात एक घालतात आणि कप तासभर ओट्यावर ठेवून देतात. गार दूध लेकराला द्यायचं माझ्या जिवावर येतं. थंडीचे दिवस, त्यात आधीच दोनदा छाती भरलेली. म्हणून मी साधं दूध चांगलं गरम करून त्या गारढोण घट्ट दुधात ओतायची. एकूण कप कोमट व्हायचा, मी तापमापक घालून बघायची. बारा वेळा चमचा फिरवायची, आणि फेस टाळून कपाच्या तळातून सिरिंज भरायची.

आणि ठमी प्यायची वरून.

हे सगळं डोक्यात एकदम आलं, आणि एकदम आलेल्या गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही. दूध म्हणजे गोंद नव्हे. कप म्हणजे टाकी नव्हे. एवढ्याशा कपात बारा वेळा ढवळून मिसळणार नाही? घरी जाईपर्यंत माझं चार वेळा हो आणि पाच वेळा नाही झालं होतं.

घरी पोचले तर सासूबाई ठमीला कडेवर घेऊन ओट्याशी उभ्या होत्या. मी अंघोळीला न जाता सरळ काचेचा ग्लास काढला. जगातलं अर्धं दूध त्यात घातलं. साधं दूध गरम केलं आणि त्यात नवऱ्याच्या पेनातली निळी शाई टाकली, पाचसहा थेंब. सासूबाई बघत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं की हे आता कोणाला पाजायचं आहे.

निळं दूध पांढऱ्यावर ओतलं. नेहमीसारखा बारा वेळा चमचा फिरवला, मनातल्या मनात मोजून. चमचा बाहेर काढला.

वर बोटभर गडद निळं होतं. खाली फिकट, आणि मधून पांढऱ्याचे जाड दोर गेलेले, पिळलेल्या कपड्यासारखे. मी आणखी ढवळलं. वीस, तीस. दोर बारीक झाले, गेले नाहीत. इतके दिवस पांढऱ्यात पांढरं होतं, दिसणार काय.

"म्हणजे ही वरचं तेवढं..." सासूबाई म्हणाल्या आणि थांबल्या.

"साधं दूधच पीत होती, आई. पहिले चार घोट. मीच पाजत होते."

त्यांनी ठमीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मला वाटलं आता बोलतील. हाताला घाई आहे, वास येतो, शिकून काय उपयोग, यातलं काहीही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मी मुद्दाम काही करत नव्हते गं. गुडघे दुखतात, उभं राहून गरम करायचा कंटाळा. म्हणून ठेवून देते झालं."

मग मी सांगून टाकलं. की मला वाटलं होतं तुम्ही वहीत खरं लिहीत नाही.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्या दुपारी दाराशी उभी होतीस. चपला बाहेर काढल्यास, पण दार उघडं ठेवलंस. मला इथून चपला दिसत होत्या."

"मग बोलला का नाहीत?"

"बघू दे म्हटलं. मलाही खात्री नव्हती ना, माझ्या हातून ठीक चाललंय की नाही. कोणीतरी बघतंय याचं उलट बरंच वाटलं."

मी निळं दूध मोरीत ओतून दिलं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून कप केला. दोन्ही दुधं गार असतानाच एकात एक घातली, थोडं थोडं. अर्धा तास ठेवलं. मग अख्खा कप गरम पाण्याच्या भांड्यात उभा करून हळूहळू कोमट केला, चमचा फिरवत. सिरिंज मी आधी वरून भरली, मग खालून. साडेपाच आणि पावणेसहा. ठमीने रोखून बघितलं, प्यायली, आणि ठसका लागला नाही. नवरा दारात बूट काढता काढता थांबला होता. त्याने विचारलं, लिफ्ट चालू झाली का?

मंगळवारीही ठसका लागला नाही. बुधवारी मात्र लागला. एकच, पण जोराचा, आणि तोही सातव्या घोटाला. मी कप तसाच धरून बसले. सगळं बरोबर केलं होतं, मग हा कुठून आला? की सोमवारचा आणि मंगळवारचा योगायोग? की आधीचे एकोणीसही योगायोग, आणि शाईचा ग्लास म्हणजे नुसताच शाईचा ग्लास? सासूबाई म्हणाल्या, शेजारच्या कुत्र्याने भुंकायला आणि पोरीने मान वळवायला एक गाठ पडली. मला तर कुत्रा ऐकूच आला नव्हता.

गुरुवारी आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. बाईंनी वही घेतली, पानं उलटली, आणि मी सांगायच्या आधीच बेरीज त्यांच्या डोळ्यांनी केली हे मला दिसलं. पेन नळीच्या कागदाकडे गेलं तसं मी त्या दुधाच्या जगाचं सांगायला सुरुवात केली. दुप्पट पूड, गरम दूध, तळातून सिरिंज. सरळ सांगता आलं नाही. काकांची टाकी आधी आली, मग जावा, मग शाई. बाईंचं लिहिणं थांबलं.

"हे तुम्ही मला आज सांगताय."

"मला वाटलं, पूड तेवढीच पडते ना."

"पूड तेवढीच पडते," त्या म्हणाल्या, "पण तुमची मुलगी सरासरी पीत नाही. तिच्या तोंडात येतो तो घोट पिते."

त्या रागावल्या की नाही ते कळलं नाही. त्यांनी दूध तिथेच करायला सांगितलं, मी करते तसं नव्हे, त्यांनी शिकवलं होतं तसं: एका कपापुरतं, गार दुधात, मग अख्खा कप कोमट. पाजायला सासूबाई पुढे झाल्या तर बाई म्हणाल्या, नाही, आईने पाजायचं. त्यांनी स्टेथोस्कोप ठमीच्या गळ्याला लावला. सासूबाईंनी माझं कोपर खालून धरलं.

पहिला घोट. बाईंनी डोळे मिटले होते. दुसरा. तिसरा. ठमी माझ्याकडे बघत होती, तेच ते रोखून बघणं. मला वाटायचं ती मला नको म्हणते आहे. आता ती सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि माझ्या लक्षात आलं की प्रत्येक घोटाला मीच श्वास रोखून धरते आहे, आणि तीही माझं बघून थांबते आहे. चौथा गेला. पाचवा. कप रिकामा झाला.

बाईंनी स्टेथोस्कोप काढला. म्हणाल्या की आज नळी घालायची नाही, तीन आठवडे असंच चालवा. मग म्हणाल्या, पण ठसका लागला नाही म्हणजे श्वासनळीत काही गेलं नाही असं नक्की सांगता येत नाही, काही मुलांच्या श्वासनळीत दूध गेलं तरी ठसकाही लागत नाही, त्यामुळे गिळतानाचा एक्स-रे काढून घेऊ. मी विचारलं, मग ते ठसके त्या दुधामुळेच होते ना? त्या म्हणाल्या, बरेचसे. बुधवारचा? तो सांगता येणार नाही. लहान मुलं खोकतातही, त्या म्हणाल्या, आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

बाहेर बाकावर मी ठमीला टोपी घालत होते आणि डोक्यात 'बरेचसे' फिरत होतं. बरेचसे म्हणजे एकोणिसातले किती? सासूबाईंना आतलं अर्धंच ऐकू आलं होतं. त्यांनी विचारलं, काय म्हणाल्या त्या, बरं की वाईट?

मी म्हटलं, तसं नक्की काहीच नाही म्हणाल्या. एक्स-रे काढायचा आहे. आज नळी नाही.

"नळी नाही?"

"आज नाही."

"मग तसं तोंड कर की," त्या म्हणाल्या. "ती बघतेय तुझ्याकडे."